चनमल्लप्पांची मोटार आणि मामांची लाख

न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग संशयाला आसन दिले आहे. संशय हे ज्ञानमंदिराचे दार होय, असे आमचे गुरुजी म्हणत. परंतु दार हे आत जाण्यासाठी असते. जो मनुष्य दारातच पाट मांडून बसतो, तो स्वतः देवापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्यांना पूजेची घाई आहे त्यांनाही पोहोचू देत नाही. अशा मनुष्याच्या हातून पाप घडते असे म्हणवत नाही. मात्र ज्यांच्या हातून पुण्य घडायचे, त्यांचा खोळंबा निश्चित होतो. सन एकोणीसशे पस्तीसच्या माघ महिन्यात सोलापुरात असा खोळंबा तीन दिवस झाला.

सात रस्त्याजवळ राहणारे वेणीमाधवराव आपली ओळख करून देण्याचे काम दुसऱ्यावर कधीच सोपवीत नसत. "मी वेणीमाधव, अपराधान्वेषक," असे ते पहिल्याच भेटीत सांगत. "तीस वर्षांत अठरा खून माझ्या हातून गेलेले आहेत. दरोड्यांची मी मोजदाद ठेवली नाही. माझ्या दृष्टीतून सुई सुटत नाही. दोराही सुटत नाही." ऐकणारा मनुष्य खुनांचा आकडा ऐकून जोडे शोधू लागला, की मग ते पुढचा खुलासा करीत.

वस्तुस्थिती अशी, की ते कोर्टात मुद्देमालाचे कारकून होते. कुऱ्हाड येवो, रक्ताळलेले धोतर येवो, चोरीची घागर येवो. तिला सुतळी बांधायची, लाख वितळवून ओतायची आणि वर मोहोर उठवायची, एवढे त्यांचे कर्तव्य. खून कोणी केला हे त्यांना निकालाच्या दुसऱ्या दिवशी पट्टेवाल्याकडून कळे. परंतु ज्या हाताने तीस वर्षे पुराव्यावर मोहोर केली, त्या हातात पुराव्याचे मर्म आपोआप उतरले असलेच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. तंबोरा वाहून नेणाऱ्या हमालाचीही गाण्याविषयी अशीच समजूत होत असेल, असे गोपाळरावांना पुष्कळदा वाटे.

हे गोपाळराव म्हणजे त्यांचे पाठशाळेतील सहाध्यायी. शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले, स्वभावाने नम्र आणि गुडघ्यांनी अधू. शोधकार्याची पिशवी त्यांच्या खांद्याला असे. तीत लाखेच्या कांड्या, मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी, पानसुपारी आणि निवृत्तीनंतर तांबटाकडून मुद्दाम करवून घेतलेली पितळी मोहोर, इतकी साधने असत.

वेणीमाधवरावांची भाची मालती ही डॉक्टरीण होती. शहरातील तिचे काम दुपारचे. सकाळी मात्र ती सहा मैलांवरच्या कुंभारीला जाऊन तेथील बायांसाठी दवाखाना चालवी. टांग्याला तासभर लागे, आणि घोड्याची मर्जी फिरली तर दीड तास. अलीकडे दोन बाळंतिणींपाशी ती उशिरा पोहोचली होती. दवाखान्याच्या पंचांनी निरोप धाडला, "बाईंना आठाच्या ठोक्याला येता येईल अशी सोय सोमवारपर्यंत झाली तर ठीक. एरव्ही दवाखाना बंद करू." तेव्हा मालतीने जुनी, लहानशी, रोज जाऊन येऊन झेपेल अशी मोटार घ्यायचे ठरविले. मोटार हाकायला ती शिकली होतीच. आईने अट एकच घातली, "दादा हो म्हणेल तीच मोटार घ्यायची."

आईला मोटारीतले काही कळत नव्हते. दादालाही कळत नाही, हेही तिला कळत नव्हते.

पेंडीचे व्यापारी चनमल्लप्पा यांची चार माणसांची चिमुकली मोटार विकाऊ होती. करकंबचा एक गुऱ्हाळवाला ती पाहायला शुक्रवारी दुपारी बारा वाजता यायचा होता. तत्पूर्वी मालतीने होय की नाही ते सांगावे, असे ठरले. बुधवारी सकाळी तिघेजण त्यांच्या दारी गेले.

"चांगली असेल तर विकता कशाला?" वेणीमाधवरावांनी पहिलाच बाण सोडला.

चनमल्लप्पांनी आपल्या उदराकडे बोट दाखविले. "ह्येच्यामुळं हो. मोटार घेतली तवा आमी बसत होतो. आता आमी बसलो की चाक फिरवाय जागा न्हाई. आमी वाढलो, मोटार वाढंना!"

आतून त्यांची पत्नी शरणम्मा हसल्याचा आवाज आला. कारण सरळ होते आणि साक्षीला प्रत्यक्ष उदर हजर होते. परंतु वेणीमाधवराव गोपाळरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "इतके तयार उत्तर निरपराध मनुष्य देत नाही."

गोपाळरावांनी हँडल मारले. मोटार दुसऱ्या फेऱ्यात सुरू झाली, कुंभारीपर्यंत गेली आणि वीस मिनिटांत कुठेही न कुरकुरता पोहोचली. परतीच्या वाटेवर मालतीचा चेहरा उजळला होता, आणि मामांचा तेवढ्याच प्रमाणात काळवंडला होता.

"मामा, घेऊ या ना?"

"मालती, धूर दिसला का तुला?"

"नाही. चांगलंच आहे की ते!"

"डोंगरावर धूर असेल तर अग्नी असतो, हे पोरेही जाणतात. येथे धूर नाही. म्हणजे अग्नी नाही. मग मोटार चालली कशावर?" त्यांनी बोट उंचावले. "टाकीत पेट्रोलऐवजी दुसरेच काही द्रव्य आहे. आज परीक्षेपुरते घातले. व्यवहार झाला की काढून घेतील. मुद्देमालाला आतापासून मोहोर केली पाहिजे."

मोटार परीक्षेपुरती मालतीच्याच दारी उभी राहणार होती. बॉनेट उघडून टाकीच्या झाकणाला सुतळीचे चार वेढे पडले. गोपाळरावांनी मेणबत्ती धरली. झाकणाच्या मध्यभागी सुईच्या नेढ्याहून थोडे मोठे असे एक छिद्र होते. वेणीमाधवरावांचे डोळे चमकले.

"पाहिलेस, गोपाळा? चोरवाट! येथून नळी घालून पेट्रोल ओढतात." आणि त्यांनी त्या छिद्रावर दुप्पट लाख ओतली. एक थेंब गोपाळरावांच्या अंगठ्यावर पडला. मोहोर मात्र सुरेख उठली.

गुरुवारी सकाळी चौथ्या मैलावर, एका लिंबाखाली, मोटार दोनदा खोकली आणि थांबली. गोपाळरावांनी हँडल मारले. पुन्हा मारले. त्यांना स्वतःलाच धाप लागली. मोटारीला काही लागेना.

लिंबाखाली फुलाबाई नावाच्या धनगरणीचे छोटे दुकान होते. काडेपेट्या, तंबाखू आणि घासलेटचा डबा, एवढाच माल. भोवती पाचसात शेरडे. ती कमरेवर हात ठेवून पाहत उभी राहिली.

"का वं डाक्टरीणबाई, मोटार रुसली व्हय?"

"पेट्रोल संपलं की काय, बघते," असे म्हणून मालतीने लाख फोडून झाकण उघडले. टाकी भरलेली होती. झाकण हातात असतानाच गोपाळरावांनी निराश मनाने हँडलला एक हिसका दिला, आणि मोटार गुरगुरत जागी झाली.

"बाई," फुलाबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "म्होरल्या वस्तीवर माजी सून हाय. दिस भरल्यात तिचं. पयली येळ हाय. याल न्हवं?"

"सांगावा आला की येईन. मोटार असली तर लगेच येईन."

"लाख! पुन्हा लाख!" मामा ओरडत होते. परंतु माघाच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकेना, म्हणून मोहोर करण्याचे काम घरी गेल्यावर झाले. या वेळी तिप्पट लाख लागली.

त्या संध्याकाळी वेणीमाधवरावांनी सिद्धान्त मांडला. गोपाळराव अंगठ्याला तूप लावीत ऐकत होते.

"टांग्याचा घोडा धन्याच्या ओळखीच्या दारी आपोआप थांबतो. का? संस्कार! वेग हाही शास्त्राप्रमाणे संस्कारच आहे. मोटारीत वेग आहे. म्हणून मोटारीत संस्कार आहे. ती त्या लिंबाखालीच का थांबली? चनमल्लप्पा तिला तेथे नित्य थांबवीत असले पाहिजेत. त्या धनगरणीशी त्यांचा काहीतरी गुप्त संबंध आहे. माझे एक वाक्य लिहून ठेव: गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी पुन्हा पुन्हा येतो."

गोपाळरावांनी ते लिहून घेतले. गुन्ह्याच्या जागी कोण कोण येत आहे याची त्यांनी मनातल्या मनात गणती केली. ती तीनच माणसे भरली. त्यांतले एक ते स्वतः होते, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

दिवेलागणीला दोघे पेंडीच्या दुकानी गेले.

"त्या लिंबाखालच्या बाईशी आपला संबंध काय?"

"पेंडीचा," चनमल्लप्पा म्हणाले. "शेरडांना नेती की."

"बस्स? केवळ पेंड?"

चनमल्लप्पांना प्रश्नाचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. शरणम्मांना मुळीच लागला नाही. त्या दारात येऊन पदराने डोळे पुसत हसू लागल्या. "यप्पा! ह्यास्नी माडीचा जिना चढवत न्हाई, आन् हे चार मैलावर जाऊन गुपित करनार? करू देत की! तेवडंच अंग तरी उतरंल."

चनमल्लप्पा मात्र हसले नाहीत. त्यांचे डोळे पाणावले होते. "मास्तर," ते गोपाळरावांकडे वळून म्हणाले, "वीस वर्सं दुकान हाय. पेंडीत माती घातली असं कुनी म्हनलं न्हाई. आज ह्ये ऐकलं." मग थांबून म्हणाले, "उद्या बारापातुर सांगा म्हनावं डाक्टरीणबाईंना. त्येंच्यावर आमचा राग न्हाई."

परतताना वेणीमाधवराव म्हणाले, "पाहिलेस? डोळ्यांत पाणी. अपराधी खचला!"

"ते अपराध्याचं पाणी नव्हतं, वेण्या," गोपाळराव म्हणाले. पाठशाळेपासूनच्या मैत्रीत त्यांनी केलेला हा पहिला प्रतिवाद. वेणीमाधवरावांनी तो ऐकला नाही.

शुक्रवारी सकाळी मोटार त्याच लिंबाखाली, तशीच दोनदा खोकून, थांबली. मालतीने सुकाणूवर कपाळ टेकले. "म्हणजे दोष आहेच हिच्यात. आता दुसरी मोटार सोमवारपर्यंत कुठून आणू, गोपाळकाका?"

एवढ्यात फुलाबाई वस्तीच्या बाजूने धावत आली. "बाई, चला! सूनबाई अडलीया. रातच्याधरनं कळा हायेत, मूल सरकंना. तुमच्याचसाटी सडकंला आले म्या!"

मालती पेटी घेऊन उतरली. "किती लांब आहे?"

"दीड मैल!"

"पायी निघते. अर्धा तास…" पण अर्धा तास म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर गोपाळरावांना स्पष्ट वाचता आले. ते बॉनेट उघडू लागले.

"खबरदार!" वेणीमाधवराव आडवे आले. "मोहोर अभंग आहे. आधी पंचनामा, मग झाकण. गोपाळा, कागद काढ!"

फुलाबाईने अर्धवट उघडलेल्या बॉनेटखाली डोकावून पाहिले. "आन् ह्ये बूच कुनी मारलं?"

"बूच नव्हे. मोहोर. मी केली."

"काल बी व्हतं?"

"अर्थात!"

"त्येच्या आदी, बुधवारी हितनं भुर्रकन गेली मोटार, तवा?"

"तेव्हा नव्हती," गोपाळराव म्हणाले. आणि म्हणताम्हणता त्यांच्या भाजलेल्या अंगठ्यातून एक कळ थेट मस्तकापर्यंत गेली.

"अवो मामा! घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागती का? घुटमळतंय, आन् थांबतंय. वारं आत जायाला दुसरं भोक लागतंय की! शेंबड्या पोराला बी ठावं हाय. वाऱ्याचं भोक बुजवून बसलाव, आन् मोटारीला नावं ठेवताव!"

तिने दुकानातले अच्छेराचे, म्हणजे अर्ध्या शेराचे, माप उचलले आणि झाकणावर एक टोला हाणला. मोहोर शतखंड झाली. छिद्रातून आत वारा शिरल्याचा बारीक सुस्कारा सर्वांनी ऐकला. गोपाळरावांनी हँडल मारले. पहिल्याच फेऱ्यात मोटार सुरू झाली.

फुलाबाई पुढच्या जागेवर, म्हणजे वेणीमाधवरावांच्या जागेवर, बसली. ते मागे शिरू लागले, तोच ती म्हणाली, "तुमी ऱ्हावा हितंच. शेरडं बगा. सात हायेत. मोहोर नगा मारू त्यास्नी."

मूल जन्मले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मुलगी होती, थोडी निळी पडलेली, पण मालतीने पाठीवर थापट्या मारताच तिने असा टाहो फोडला, की दाराबाहेर उभ्या असलेल्या गोपाळरावांनी तो ऐकून उपरण्याने डोळे टिपले. बारा वाजताची मुदत त्यांना तेव्हा आठवली.

लिंबाखालून मामांना उचलून दोन वाजता तिघे पेंडीच्या दुकानी पोहोचले. गुऱ्हाळवाला येऊन गेला होता.

"त्येला सांगितलं, मोटार न्हाई," चनमल्लप्पा म्हणाले. "म्हनला, कुटं गेली? म्हनलं, बाळंतपनाला गेलीया. कुंभारीकडचं मानूस सकाळीच सांगून गेलं आमाला. असल्या कामाला गेलेली मोटार परत मागाय आमी काय कसाई हाव?" आणि त्यांनी कागद मालतीपुढे सरकविले.

राहिली आईची अट. वेणीमाधवराव तेथेच बाकावर बसले होते. शेरडांनी त्यांच्या उपरण्याचे एक टोक खाल्ले होते. सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी घसा साफ केला.

"मोटार निर्दोष आहे. मी आरंभापासून जाणून होतो, की अपराधी बाहेरचा नसून आपल्यापैकीच आहे. आता तो सापडला."

"त्याचं नाव लिहू का?" गोपाळरावांनी वही उघडली.

"नको. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे." मग ते उठले, चनमल्लप्पांच्या पुढे गेले, आणि पिशवीतली पितळी मोहोर काढून त्यांनी पेंडीच्या तराजूत ठेवली. "हिचे वजन आपल्याकडे चालेल. काल… काल मी पेंडीत माती घातली."

चनमल्लप्पांनी ती मोहोर उचलून पाहिली, पुसली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ द्या. पानसुपारी खावा."

त्या सोमवारी कुंभारीच्या दवाखान्याचे दार आठाला उघडले, आणि पुढे रोज उघडत राहिले.

मालतीच्या मोटारीला वाट मोकळी मिळो. लिंबाखालच्या डब्यातून धार अखंड लागो, आणि त्या निळ्या पडलेल्या मुलीचा श्वास दीर्घ होवो. चनमल्लप्पांचे उदर आणि अंतःकरण ही दोन्ही होती तशीच विशाल राहोत. गोपाळरावांचा अंगठा बरा होवो. आणि आमच्या वेणीमाधवरावांच्या बुद्धीला परमेश्वराने जे एक बारीकसे छिद्र ठेवले आहे, त्यावर त्यांच्याच हातून पुन्हा लाख न पडो.