हरीशेठांच्या गाडीतला आतला दिवा

बोनकोड्यातले आमचे घरमालक हरीशेठ म्हात्रे सकाळचा पहिला चहा गाडीच्या बॉनेटवर ठेवतात, हात जोडतात आणि मग तोच चहा स्वतः पितात. गाडी त्यांच्या वडिलांची, गोल दिव्यांची. उंदरांनी तिचं सगळं वायरिंग खाल्ल्यापासून अंगणात नुसती उभी होती. पण हरीशेठांचं पालुपद एकच, "करंट रुसलाय, मेलेला नाय."

यंदा लेकीचं, विद्याचं, लग्न ठरलं. सासर उलव्याला. "पोर जाईल ती याच गाडीतून!" हरीशेठांनी जाहीर केलं. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, कपाळाला हात लावला.

मेकॅनिकला बोलावतील तर ते हरीशेठ कसले! इकडे हळदीला घरभर रोषणाई करतात. पुतण्याच्या हळदीतलं वायरीचं अख्खं भेंडोळं उरलं होतं, तेच त्यांनी गाडीभर फिरवलं. सगळी वायर लाल! कुठली कशाची, त्यांनाही कळेना. हॉर्न दाबला की वायपर फिरे, ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागे. मी हसलो, तर म्हणाले, "हसतोस काय? चालू तर हाय ना?"

शेवटी काकूंनीच जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणल्या. हॉर्नच्या वायरीला हिरवी, ब्रेकच्या वायरीला पिवळी, अशा दोन्ही टोकांना बांधल्या. हरीशेठ गाडीखाली, काकू वर.

"हिरवी ओढ गं!"

"हिरवीच ओढतेय, डोले उघडा!"

हेडलाइट लागले, हॉर्न वाजला. पण छतातला चिमुकला दिवा लागेना आणि हरीशेठ हटून बसले. एवढं काय त्या दिव्याचं, मला समजेना. लग्नाच्या आदल्या दिवशी तो लागला, तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले.

पाठवणीला अंधार पडला होता. पुतण्याने चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. हॉर्न दणकून वाजला, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"काका, आतला दिवा बंद करू?"

"हात लावशील तर याद राख!"

गाडी निघाली. मागच्या काचेतून विद्या स्वच्छ दिसत होती, रडताना आणि मध्येच हसतानाही. वळणापर्यंत हरीशेठ तिच्याकडे बघत राहिले.

"माजी बहीन याच गाडीतून सासरी गेली," ते हळूच म्हणाले. "आत अंधार व्हता. तिचा तोंड दिसलाच नाय मना. पोरीचा दिसला ना रं?"

"दिसला, हरीशेठ," मी म्हणालो.