ढोमणे सरांचा एक्स शून्य

ढोमणे सर आमच्या घरी पहिल्यांदा आले, ते नमस्कार-चमत्कार काही न करता थेट जिना चढून गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीत काठी बुडवून उभे राहिले.

चूक माझीच. पांढुर्ण्यातल्या या घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. 'मोटर लावून दहा मिनिटं झाली, टाकीत आधी किती पाणी होतं कोण जाणे,' असं मी बायकोला म्हणालो. ते शेजारच्या अंगणात ऐकू गेलं.

"कोण जाणे काहून म्हणता? आता सांगतो ना!" सरांनी काठीचा ओला भाग वितीनं मोजला. "दहा मिनिटांनी तीन वीत. थांबा आता."

मे महिन्याच्या उन्हात आम्ही आणखी दहा मिनिटं थांबलो. पुन्हा काठी. "पाच वीत! म्हणजे दहा मिनिटांत दोन वीत वाढलं. आता मागं चला भाऊ, एक्स शून्य करा! मोटर लावली तवा किती होतं?"

"एक वीत?" मी भीतभीत म्हणालो.

त्यांनी मला मिठीच मारली. मग सरळ रेषा उभ्या अक्षाला नेमकी कुठं शिवते, हे ते हातवारे करून सांगू लागले. सांगण्यात ते इतके रंगले आणि मी त्यांच्याकडे बघण्यात इतका रंगलो, की टाकी भरून वाहिली आणि बायकोच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. ती सरांशी महिनाभर बोलली नाही. सरांना ते कळलंच नाही.

सौंसरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. रोज बसनं जाणं-येणं. या माणसाचा धर्म एकच: एक्सच्या जागी शून्य ठेवा, उरेल ते सुरुवातीचं. एकदा बसमध्ये दोघं खिडकीवरून भांडत होते. सर मधे उभे राहिले आणि म्हणाले, "बसमधी चढायच्या पहले तुमचा राग किती होता? एक्स शून्य करा!" दोघांनी तिथल्या तिथं समेट केला आणि मिळून सरांना झापलं.

त्यांचा दुसरा हट्ट फळ्याचा. उत्तर आल्याशिवाय फळा पुसू द्यायचे नाहीत. घंटा होवो, पुढच्या तासाचे मास्तर दारात येऊन खोकोत. "उत्तर येऊन राहिलं ना! पुसता काहून?" इतिहासाच्या मास्तरांनी म्हणे अख्खी लढाई फळ्याच्या एका कोपऱ्यात शिकवली होती.

गेल्या वर्षी त्यांच्या पल्लवीचं लग्न ठरलं. पल्लवी त्यांची एकुलती एक, नागपूरला एका लॅबमध्ये काम करते. नवरदेव रामाकोना गावचा. घराला रंग द्यायचं ठरलं, आणि तिसऱ्याच दिवशी रमेश पेंटर डबा हातात घेऊन माझ्या दारात उभा.

"भाऊ, सरले समजवा. मागच्या खोलीतली एक भिंत पोतू देत नाई ते. मागच्या दोन्ही टायमाले असंच केलं. आता तिथी पाहुणे उतरतीन ना!"

मला चेव आला. आज सरांनाच गणित शिकवू म्हणून तरातरा गेलो. सर त्या भिंतीला पाठ लावून उभे होते. "सर, सरका," मी म्हणालो. ते सरकले.

भिंतीवर शाईनं आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर उंची. वर बाळबोध अक्षरात 'पल्लवी'. चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत सात टिंबं आणि त्यांच्यातून जाणारी सरळ रेघ. चारच्या मागं मात्र रेघ तुटक होत गेली होती आणि उभ्या अक्षाच्या बोटभर अलीकडं थांबली होती.

"चारच्या आधीची टिंबं कुठं आहेत?"

"तवा ते आमच्या घरी नव्हती, भाऊ," सर म्हणाले. "चार वर्षांची होती तवा आणली आम्ही तिले."

आठ वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

"सालाले सहा सेंटिमीटर वाढली पोरगी. मागं गेलं तर शून्यावर येते शहात्तर. जन्मलेलं लेकरू शहात्तरचं असते काय गा?" ते हसले. "पहली चार वर्षं कशी वाढली, कोणी कडेवर घेतलं का नाई, हे रेघ सांगत नाई. बावीस वर्षं झाली, हे एकच उत्तर येऊन नाई राहिलं. मंग पुसू कसं?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

पल्लवी दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं रमेशच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, त्याची लाकडी पट्टी घेतली आणि चारच्या आकड्यातून वर थेट छताच्या दिशेनं एक उभी रेघ ओढली.

"बाबा, हा अक्ष तुम्हीच आखला होता ना? मंग मी इकडं सरकवला." तिनं चार खोडला आणि तिथं शून्य लिहिलं. "मी घरी आली तो दिवस. माह्यं शून्य इथीच आहे. आता करा एक्स शून्य."

सरांनी चष्मा पुसला. नव्या अक्षावर बोट टेकलं, वर वर नेलं आणि पहिल्या टिंबापाशी थांबले.

"शंभर!" ते इतक्या जोरात ओरडले, की रमेशच्या हातातला डबा हिंदकळला. "शंभर सेंटिमीटर! अरे, बराबर शंभर! आलं ना उत्तर!" ते आमच्याभोवती नाचत होते, पल्लवीला हलवत होते आणि घळाघळा रडत होते. मीही रडलो, लपवत नाही.

"मंग पोतू का, सर?" रमेशनं ब्रश बुडवला.

"पोत. उत्तर आलं, आता पुसाच लागते."

ब्रश भिंतीपाशी गेला आणि सरांनी त्याचा हात धरला.

"उद्या पोतजो."

लग्नाला सहा महिने झाले. रमेश चौकात भेटला, की अजून विचारतो, "काहो भाऊ, सरचं उद्या कवा येते?"