जसा फोटो तसा माल

“पंधरा दिवस दे मला! खासबागेत काय, अख्ख्या बेळगावात माझ्यासारखा फोटो काढणारा गावायचा न्हाय!”

ही घोषणा तम्मण्णाने मागाच्या खोलीच्या दारात उभं राहून केली, आणि तीही माग चालू असताना. यंत्रमागाच्या खडखडाटात घोषणा ऐकू जात नाहीत, हे जन्म मागावर काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. त्याच्या बायकोने, अंजनीने, नुसती मान वर केली आणि विचारलं, “चा पायजे काय?”

मग त्याला तीच घोषणा स्वयंपाकघरात पुन्हा करावी लागली.

कारण तसं गंभीर होतं. आजवर हे दोघं दुसऱ्याने दिलेली डिझाइनं विणत आले होते. यंदा पहिल्यांदाच अंजनीने स्वतःच्या डोक्याने एक साडी बसवली होती. डाळिंबी अंग, हिरवा काठ आणि काठावर भाताच्या लोंब्या. तिचं माहेर खानापूरचं, त्यामुळे लोंब्या तिला डोळे मिटूनही दिसायच्या. निपाणीचे कापड व्यापारी मारुतीराव म्हणाले होते, “साडी मागावर असतानाच फोटो पाठवा. बाहेरून आणलेला माल आपला म्हणून दाखवणारे लई भेटलेत मला. पसंत पडली तर लग्नसराईचं सगळं काम तुमालाच.” तम्मण्णाने ताबडतोब मोबाइलवर फोटो काढून धाडला. मारुतीरावांचं उत्तर आलं, “पायपुसणी आमी ठेवत न्हाय.”

अंजनी त्या दिवशी जेवली नाही. तम्मण्णा जेवला. हातापाया पडून त्याने मारुतीरावांकडून अजून एका फोटोची परवानगी मिळवली, अंजनीने पुन्हा तशीच साडी मागावर घेतली, आणि तम्मण्णाने फोटोग्राफी शिकायचं मनावर घेतलं.

कॅमेरा मिळाला अंजनीच्या भावाचा. मष्णूचा खानापुरात फोटो स्टुडिओ होता. हातोहाती मोबाइल आले तसा तो बंद पडला आणि कॅमेरा कपाटात जाऊन बसला. शिकवायला मोबाइलवरच्या व्हिडिओतले मास्तर होते. ते सांगायचे, घाई करू नका, एक बटण नीट समजून घ्या, मग दुसऱ्याला हात लावा. तम्मण्णाने पहिल्याच सकाळी सगळी बटणं दाबून टाकली!

कॅमेऱ्यातली इंग्रजी अक्षरं गेली आणि जपानी आली. तम्मण्णाला मराठी यायचं, कन्नड यायचं, हिंदी रेटून नेता यायचं. जपानीची सोय मात्र खासबागेत नव्हती. इंग्रजी परत आणायला म्हणून त्याने आणखी चार बटणं दाबली, तेव्हा रंगही गेले. आता कॅमेरा बोलायचा जपानी आणि फोटो काढायचा काळे-पांढरे.

“डाळिंबी साडी काळी दिसायलीय,” अंजनी म्हणाली.

“रंगाचं मागनं बघू. आधी हात बसूदे!”

हात बसवायला तो मागाच्या खोलीतच ठाण मांडून बसला. मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे एवढ्या वेगात पळतो की नुसत्या डोळ्यालाही दिसत नाही. फोटोत तर सगळं पिठलं व्हायचं. शटरचा वेग वाढवावा तर फोटो अंधारा, कमी करावा तर पिठलं. शेवटी तम्मण्णाने आपल्यापुरता उपाय शोधला.

“अंजनी, थांब!”

अंजनी माग बंद करायची. तो फोटो काढायचा. मान हलवायचा. माग सुरू व्हायचा. जरा वेळाने पुन्हा, “थांब! हातबी तसाच ठेव! थांब म्हटलं की!”

“अवो, मधीच माग थांबला की कापडात आडवी रेघ पडती. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?”

“बारीक असती ती. फोटोत कुठं दिसतीया?”

एवढं बोलून त्याने पुन्हा माग थांबवायला लावला. अंजनी त्या धोट्यापेक्षा नवऱ्याकडेच जास्त रागाने बघत होती, पण साडी तिची होती आणि फोटोशिवाय ती निपाणीला पोचणार नव्हती. तिने पुन्हा माग चालू केला.

आता मास्तर माणसांचे फोटो शिकवायला लागले. माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर! तम्मण्णाची आई बाळाबाई उंबऱ्यावर उन्हाला बसली होती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. तम्मण्णाने नेम धरला, बटण दाबलं, आणि काय सांगावं! चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा फोटो आला. मागची भिंत नाही, दार नाही, नुसता पांढरा उजेड. डोळे मिटलेले, मुद्रा शांत आणि सगळं काळं-पांढरं.

इतका चांगला फोटो त्याने जन्मात काढला नव्हता. त्याने तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला, पै-पावण्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं ‘आई’, आणि पुढे हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली. म्हणजे बाबांनो, आशीर्वाद द्या, अशी त्याची विनंती होती. मग त्याने मोबाइल चार्जिंगला लावला आणि आनंदाने पुन्हा मागाच्या खोलीत गेला.

थोड्या वेळाने समोरच्या नागराजचा माग बंद पडला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. गल्लीत कुणी गेलं की सगळ्यांनी माग बंद ठेवायचे, ही तिथली रीत. एकेक खडखड विझत गेली आणि गल्ली चिडीचूप झाली. अंजनीने कानोसा घेतला आणि आपलाही माग थांबवला.

“कोण गेलं म्हणायचं?”

दोघं बाहेर आली. दारात ही गर्दी! बायकांच्या डोळ्यांना पदर, माणसांच्या माना खाली. अंजनीला बघताच एकीने तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. अंजनीलाही रडू आलं, कारण समोरचं माणूस एवढं रडत असताना कोण गेलं असं विचारायचं कसं? तम्मण्णाने आपला चेहरा पाडला आणि नागराजच्या खांद्यावर हात ठेवला. नागराजने त्याला मिठीच मारली.

एवढ्यात परसाकडून बाळाबाई आली. गर्दी बघून ती दोन बायकांच्या मधे जाऊन बसली, पदर डोळ्याला लावला आणि सगळ्यांत मोठ्याने रडायला लागली. “सोन्यासारखं माणूस गेलं गं!” सगळ्याजणींनी मान हलवली. मग बाळाबाईने नाक पुसून शेजारणीला हळूच विचारलं, “कोण गं गेलं?”

शेजारणीने मान वळवली आणि अशी किंकाळी फोडली की कडेच्या झाडावरचे कावळे उडाले.

पुढचा गोंधळ विचारूच नका! कुणी पळालं, कुणी बाळाबाईला चिमटा काढून बघितला. नागराजने मोबाइल काढून तम्मण्णाच्या नाकासमोर धरला. फोटोखाली श्रद्धांजल्यांची रीघ लागली होती. बाळाबाईने तो मोबाइल ओढून घेतला आणि लांब धरून बराच वेळ बघितलं.

“झ्याक आलाय की रं! हाच ठेव जपून. म्होरं लागंलच.”

“तुमाला झ्याक सुचतंय, आक्का!” नागराज उसळला. “माझ्या मागावर नवरीची साडी हाय! मधीच थांबवला, रेघ पडली न्हवं!”

गल्ली शिव्या घालत आपापल्या मागांकडे परतली. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि खानापूरहून मष्णू उतरला, सोबत गाडीभर पावणे, आणि हातात हार! बाळाबाईने त्याला पाणी दिलं. त्याने तिच्याच हातचं पाणी पिऊन डोळे पुसले आणि मग तिच्याकडे नीट बघितलं. तांब्या हातातून सुटला. त्याला सगळं समजावून सांगायला अंजनीला भांडंभर चहा करावा लागला. तम्मण्णाने मात्र संधी साधली.

“आलाईसच तर हे जपानी तेवढं काढून दे. आन् रंगबी आण.”

मष्णूने हुंदके आवरत दोन-तीन बटणं दाबली. इंग्रजी परत आली. रंगही आले. ऊन तिरपं होऊन खोलीत येत होतं. साडी विणून पुरी होत आली होती. पावण्यांनी मागावर गुंडाळलेलं कापड उलगडून पुढे अलगद पसरून धरलं आणि तम्मण्णाने श्वास रोखून बटण दाबलं.

फोटो असा आला की लोंबीतला दाणा न् दाणा दिसावा. डाळिंबी रंग तर हातात घ्यावा असा! तम्मण्णाने तो तिथल्या तिथे मारुतीरावांना पाठवला. मग कौतुकाने पडद्यावर दोन बोटं ठेवून फोटो मोठा केला.

रेघा. आडव्या, बारीक, स्वच्छ रेघा. प्रत्येक ‘थांब’ची एक रेघ! मोबाइलवर काढलेल्या पायपुसण्यात त्या दिसल्या नसत्या, पण इथे एकही लपली नव्हती.

अंजनीने बघितलं आणि आत गेली. ती ओरडली असती तर तम्मण्णाला बरं वाटलं असतं. बायकोने जन्मात पहिल्यांदा स्वतः बसवलेल्या साडीचं आपण आपल्या हौसेपायी वाटोळं करून ठेवलं, हे त्याला कळलं आणि त्याला खरोखर रडू फुटलं. पावण्यांना वाटलं, आई जिवंत आहे या आनंदाने रडतोय.

सकाळी मारुतीरावांचा फोन आला.

“तम्मण्णा, त्या रेघा कशाच्या?”

“साहेब, करंट गेलता... माग जुना... आमची आई बी वारली, म्हंजे न्हाय वारली...”

“अरे, लई भारी! शहरातल्या बायकास्नी जरा वाकडंतिकडं कापड लागतंय आता, एकसारखं नको झालंय. हातची कला वाटती त्यास्नी. जसा फोटो तसा माल पायजे. लग्नसराईचं सगळं काम तुमालाच!”

अंजनी पुन्हा हसली, जेवली आणि मागावर बसली. रेघा पाडायच्या म्हणून ठरवून माग थांबवत गेली. पण ज्या हाताने आयुष्यभर मोजून विणलं त्याला वाकडं कसं जमावं? सगळ्या रेघा सारख्या अंतरावर पडल्या. मारुतीरावांनी नमुना परत पाठवला, “ही वही झाली. पयल्यासारखं करा.”

अंजनीने रात्रभर विचार केला आणि सकाळी फर्मान काढलं.

“तुमी मागावर बसा. कॅमेरा माझ्याकडं द्या.”

तम्मण्णाचा ऊर भरून आला. बायकोलाही कलेची गोडी लागली! त्याने केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मागावर बसला. अंजनी समोर खुर्चीवर कॅमेरा घेऊन बसली आणि मनात येईल तेव्हा ओरडायला लागली.

“थांबा!”

तो थांबायचा, हनुवटी वर करायचा, हसायचा. माग सुरू. लगेच पुन्हा, “थांबा!” मग बराच वेळ काही नाही. मग एकदम, “थांबा! थांबा!” दुपारपर्यंत हसून हसून त्याचे गाल दुखायला लागले आणि साडीवर अगदी मारुतीरावांना हव्या तशा रेघा पडल्या.

“अंजनी, एवढे फोटू काढलीस, एक तर दाव की!”

अंजनीने कॅमेरा त्याच्यासमोर धरला. भिंगावरचं काळं झाकण तिने सकाळपासून काढलंच नव्हतं.