नाकासाठी नेलेली किल्ली

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर किल्ली नव्हती. नूला ब्रॉफीने आधी खिळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मॅलकी, मठाची किल्ली कुठाय?"

"जेरनं नेली," पावाला लोणी फासत मॅलकी म्हणाला. "सकाळी नाकातून रक्त यायला लागलं त्याच्या."

क्लोनवारा गावात याचं कुणालाच नवल वाटलं नसतं. वीतभर लांबीची ती गार लोखंडी किल्ली मानेमागून सदऱ्यात सोडली की रक्त थांबतं, हे गावचा डॉक्टरही खाजगीत कबूल करी. पण आज अकरा वाजता डब्लिनहून जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या सिनट बाई येणार होत्या. सातशे वर्षांच्या मठाची किल्ली ब्रॉफींकडेच ठेवायची, की दाराला आकड्यांचं कुलूप बसवायचं, हे त्या ठरवणार होत्या. नूलाच्या सासूच्या सासूपासून ती किल्ली त्याच खिळ्यावर होती.

खरं तर मठाच्या मागच्या भिंतीला बैल जाईल एवढं भगदाड होतं आणि किन्सेलांच्या गाई तिथून रोज ये-जा करत. पण गावातलं माणूस तिथून कधी गेलं नाही. किल्लीवाली घरात असताना भगदाडातून शिरायचं म्हणजे तिचा अपमानच. या गावाचं कौतुक करावं ते अशा गोष्टींसाठी.

नूलाने जेरला फोन लावला. जेर फेलन कालव्यावर होता. बोट हौदात घ्यायची, दारं लावायची आणि पाणी सोडून तिला खालच्या पातळीला उतरवायचं, हे त्याचं काम.

"रक्त थांबलं का रे?"

"थांबलं की! देवासारखी धावली तुझी किल्ली."

"मग आण परत."

"पाठीत आहे हे विसरलोच गं मी. बोटीचा दोर घ्यायला वाकलो आणि... बुडुक."

"हौदात? अरे गाढवा, पाणी सोड, तळ शोध!"

"सोडलंय. पण हौदात बोट आहे ना. डब्लिनची कुणी बाई आहे. मठाची किल्ली आणायला ब्रॉफींकडे निघालेय म्हणते."

नूलाने रविवारचा कोट चढवला, गरम पाव फडक्यात बांधला आणि चहाची किटली घेऊन निघाली.

कालव्यावर निम्मं गाव जमलं होतं. खाली, दोन माणसांच्या उंचीइतक्या खोल हौदात, ओल्या भिंतींच्या मध्ये, सिनट बाई बोटीच्या टपावर बसल्या होत्या. जेर दोरीला लोहचुंबक बांधून तळ ढवळत होता. आतापर्यंत एक सायकल आणि दोन घोड्याचे नाल निघाले होते.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"साफसफाई!" जेर वरून ओरडला. "दर मंगळवारी असते!"

"आज गुरुवार आहे."

"म्हणून तर घाई!"

नूलाने बादलीतून चहा आणि पाव खाली सोडला आणि वेळ काढायला मठाचं सांगू लागली. सांगता सांगता ती रंगली. मांजर पाळू देत नाहीत म्हणून रुसलेल्या पाथरवटाने तिसऱ्या कमानीखाली इवलंसं मांजर कोरलं, आणि साडेअकराला खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्याच पाठीवर येतं. शंभरदा ऐकलेली माणसंही गप्प झाली. फार सुरेख सांगायची ती.

"पण त्याचा डावा कान कुठे गेला?" खालून प्रश्न आला.

"तो आमच्या मॅलकीनं लहानपणी चेंडूनं..." नूला थबकली. "कान नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

बाई ओशाळल्या. "बोट मठापाशीच बांधली होती. सकाळी गाईंच्या मागोमाग आत शिरले. पण अर्धा तास नुसते दगड बघितले हो. आता परत बघायचंय, तुमच्याबरोबर."

"बाई, खरं सांगते, ती किल्ली..."

"बुडुक झाली ना? माझ्याच बोटीवर आपटून गेली."

जेरला शोधत ठेवून, बाईंना शिडीने वर घेऊन नूला मठाकडे गेली. दाराशी तिने त्यांना थांबवलं. "इथंच उभ्या राहा. पाहुण्यानं दारातून यायचं असतं." मग रविवारचा कोट सावरत, किन्सेलांच्या गाईंना बाजूला सारत, ती आयुष्यात पहिल्यांदा त्या भगदाडातून आत शिरली आणि आतला खटका दाबून तिने दार उघडलं. साडेअकरा वाजत आले होते. मांजराच्या पाठीवर ऊन चढत होतं.

पंधरा दिवसांनी खात्याचं पत्र आलं. "किल्ली ब्रॉफी यांच्याकडेच राहावी. सापडल्यावर."