धाकोजी मयेकर बादशहा होऊन मेले त्याची हकीगत

॥ श्री ॥ ज्याने मनुष्यास बत्तीस दात आणि एक बायको दिधली, त्या गजाननास नमन करोन लिहितो. शके १८४४, दुंदुभी नाम संवत्सरी, अमेरिका मुलखी मुक्या चलच्चित्रांचे राज्य बहुत भरभराटीस आले. तेथे हर्णैचा खलाशी धाकोजी मयेकर जहाज सोडोन राहिला होता, आणि त्याचे बाकदार नाक देखोन दिग्दर्शकसाहेबांनी त्यास चाकरीस ठेविले, मग तो कधी तुर्क जाहला, कधी मोगल, कधी चिनी समुद्री चाचा, आणि दर चित्री नायकाचे हातून मरत गेला. परंतु घोर एकच. स्वतःस अक्षरओळख नाही, त्या मुलखी आपली अक्षरे लिहिणारा कोणी नाही, चार वर्षे घरी खबर नाही, बायको मंजुळा आपणांस बुडालेला समजोन दुसऱ्याशी पाट लावील! मंजुळेचे कान बालपणी तापाने गेले होते, आणि ती ओठ पाहोन बोलणे वाचीत असे. अशात कळो आले की ही चित्रे कोकणातही तंबूत दाखवितात, आणि मग सुलतानाचे काम आले. साहेब बोलिले, "मरताना वाटेल ते बोल, ऐकतो कोण? मात्र मिशी झुपकेदार हवी." मिशीने ओठ झाकतात! धाकोजी गरजले, "मिशी लावाल तर मी मरणार नाही!" तीन दिवस राज्याचा कारभार बंद पडला, अखेर साहेब नमले, आणि सुलतान सफाचट मेला.

इकडे मंजुळेच्या भावांनी तिच्या पाटासाठी दापोलीचा एक विधुर नेमिला होता. त्यानेच मर्जी संपादण्यास सर्वांस तंबूत नेले, आणि पडद्यावर सुलतान गालिच्यावर पडोन ओठ हलवू लागला, लोक रडू लागले, आणि मंजुळा टुणकन उठोन ओरडली, "ह्यो माजा धनी! म्हन्तो, मी जिता हाय, पाट लावू नको, बोट मिळंल तसा येतो!"

भाऊ हातवारे करीत म्हणाला, "अगो, आत्ताच मेला ना तो?"

"मरूं दे! जिता हाय म्हन्तो ना!"

मग विधुर उठोन गेला, आणि गावकऱ्यांनी तंबूवाल्याकडोन सुलतानास आणखी तीन वेळ मारविले.

पुढील फाल्गुनी धाकोजी खासे बंदरी उतरले. मंजुळेने डोळे पुसले आणि पहिलाच सवाल केला, "मरताना येवडं सावकाश बोलनं कशापायी? मी भैरी हाय, आंधळी नाय!"

येणेप्रमाणे बादशाही बुडाली, संसार तरला. आमचेही बोलणे येथे पुरे.