आठ पायांच्या मेंढ्या

लेथ चालवायला कसली आलीय अक्कल? लाकूड आपोआप फिरतं, आपण नुसती पटाशी धरायची! एकतीस वर्षं मी एबरहार्डला हे ऐकवत आलेय. आमच्या डोंगरातल्या गावात घरटी एक लेथ, आणि रिवाज ठरलेला: नवऱ्याने कातायचं, बायकोने रंगवायचं. लाकडी मेंढ्यांना डोळे काढता काढता माझे डोळे जायची वेळ आली होती!

यंदा चर्चमधलं नाताळचं झाड सजवायचा मान अठरा वर्षांनी आमच्या घराकडे आला, आणि नेमका एबरहार्ड पन्हळ साफ करताना शिडीवरून पडला. उजवा हात प्लास्टरमध्ये!

"शेजारच्या ऊलिगला सांगून टाकू," तो म्हणाला. "त्याच्याकडे चांदण्या तयार असतात."

"जीव गेला तरी नाही! मी कातते."

"तू?" तो इतका हसला की दुखरा हात ठणकला. "रोस्वीटा, रविवारी झाडावर साठ मेंढ्या टांगून दाखव. लेथ तुझं, ब्रश माझा. कायमचा!"

"शब्द फिरवशील."

"फिरवला तर ईस्टरपर्यंत भांडी घासेन!"

झालं! मी बाह्या सरसावल्या.

आता आमच्या पद्धतीत मेंढी आधी दिसतच नाही. ओल्या खोडाची जाड चकती फिरवत तिचं कडं कातायचं. आधी एका बाजूने पाय, मग कडं उलटं बसवून दुसऱ्या बाजूने पाठ. शेवटी केकसारखे काप काढले की प्रत्येक काप म्हणजे एक मेंढी; तिचे पुढचा-मागचा असे दोन जाड पाय सुरीने मधून चिरले की झाले चार. तोवर सगळं अंदाजपंचे!

पाय झाले. कडं उलटं बसवलं, तेवढ्यात खिडकीत ऊलिगबाई हजर.

"आमच्या ह्यांनी साठ चांदण्या बाजूला काढून ठेवल्यात हो. म्हटलं, तुमची फजिती व्हायला नको."

"चांदण्या तुमच्या गोठ्यात लावा!" मी खिडकी आपटली आणि तणतणत लेथवर आले. मघाशी कुठवर आले होते? हां, पाय! संतापाच्या भरात असे पाय कातले, असे कातले, की ढलप्या छतापर्यंत उडाल्या.

मग एबरहार्डसमोर ऐटीत पहिला काप काढला.

त्याने तो हातात घेतला. काप उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"अगं, हिला खालीही पाय आहेत आणि वरही!"

साठच्या साठ तशाच! एकही चुकून बरोबर नव्हती. भिजवलेली दुसरी चकती नव्हती आणि रविवार तीन दिवसांवर होता. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू!

"जाऊ दे, शेगडीत टाकू," तो हळूच म्हणाला.

"हात लावून बघ!" मी नाक पुसलं. पाठीवरचे ते दोन जाड पाय सुरीने मधून चिरले. दोनाचे चार झाले. चार! पाठीवर चार मेणबत्त्या, नाताळआधीच्या चार रविवारांच्या, दर रविवारी एकेक पेटवतात त्या! मी ब्रश उचलला आणि तीन दिवसांत दोनशे चाळीस पिवळ्याधमक ज्योती रंगवल्या.

रविवारी चर्चमध्ये माना वर त्या वरच. पाद्रीसाहेब तर गहिवरले. "रोस्वीटाबाई, काय कल्पना! चार रविवार, चार मेणबत्त्या!"

एबरहार्डने सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून लेथ हिचं." मला तर झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखं वाटलं.

"पण मी म्हणते," ऊलिगबाई घसा खाकरून म्हणाल्या, "आज पहिलाच रविवार ना? मग चारही पेटल्यात कशा?"

सगळं चर्च ज्योती मोजू लागलं! दुसरी मेणबत्ती आठवडाभर आधी पेटवणाऱ्या घराची आमच्याकडे तीन पिढ्या चर्चा होते. मी तर सगळ्याच पेटवल्या होत्या, साठ मेंढ्यांवर!

पाद्रीसाहेबांनी खाली बघितलं. "काही... करता येईल?"

"येईल म्हणजे? करणारच!" मी म्हणाले. जीभ माझी, आवरणार कोण?

त्या दुपारी शिडीवर चढून एकशे ऐंशी ज्योती खरवडल्या. आता दर शनिवारी साठ नव्या रंगवते. एबरहार्ड डाव्या हाताने शिडी धरून खालून विचारतो, "लेथ कधी सुरू करतेस? सकाळीच तेल घालून ठेवलंय."

"गप्प बस," मी म्हणते. "आधी तो पिवळा डबा वर दे!"