पाठराब्यांच्या अफवा

पाठराबे सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नाहीत. ऑफिसच्या किचनमध्ये माझ्या शेजारी येऊन उभे राहतात, मागे कोणी नाही ना ते बघतात आणि हळूच म्हणतात, "भाऊ, आठ सिलिंडर. आतली खबर आहे."

ही खबर अमेरिकेतल्या हेवी ड्यूटी पिकअप ट्रकची. मागे अख्खी बोट बांधून डोंगर चढतात ना, ते राक्षस. पुढच्या मॉडेलात कुठलं इंजिन येणार हे कंपनीनं अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे जगभर अफवा उठतात. त्यातल्या सगळ्या सोमवारी सकाळी सँडीफोर्डला, आमच्या आयरिश ऑफिसात, माझ्या कानात येऊन पडतात. बाहेर पाऊस, आत साचलेली ईमेलं, आणि वर हे.

पाठराबे मूळचे नागपूरचे, आमच्याकडे सॉफ्टवेअर टेस्टर. येतात बसनं. गाडी नाही, लायसन्सही नाही. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास झाले; एकदा तर परीक्षक अर्ध्यातच उतरून चालत निघून गेला. शिवाय तो ट्रक इथे कुठल्या शोरूममध्ये दिसत नाही. दिसला असता तरी इथून जवळच्या विकलोच्या अरुंद रस्त्यांवरून दोन्हीकडची झुडपं एकदम सोलत गेला असता.

"तुम्हाला घ्यायचाय का तो ट्रक?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मले? मी काय करू त्याचं?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

अफवांच्या त्यांनी तीन जाती केल्या आहेत: पक्की, कच्ची आणि उडती. वहीत तशी नोंद असते. एकदा कंपनीनं एक पक्की अफवा जाहीरपणे खोडून काढली, तेव्हा ते दुपारी जेवले नाहीत. एकदा मीटिंगमध्ये त्यांनी स्क्रीन शेअर केली, तर चुकांच्या यादीऐवजी ओळखू येऊ नये म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात गुंडाळलेला, चाचणीवरचा एक ट्रक बर्फातून घरघरत जायला लागला. आम्ही सगळे अर्धा मिनिट तो आवाज ऐकत बसलो.

"विनायक, हे काय आहे?" फियोनानं, आमच्या मॅनेजरनं, विचारलं.

"डिझेल," पाठराबे म्हणाले.

फेब्रुवारीत ते तापानं आजारी पडले. चार दिवस माझी सकाळ शांततेत गेली. रविवारी बायकोनं खिचडीचा डबा हातात दिला. "एकटा माणूस आहे, जाऊन या." मला सोफ्यावरून उठायचं नव्हतं. तरी गेलो.

डून लेरी या जवळच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरात ते खोली घेऊन राहतात, एवढंच मला माहीत होतं. दार त्या म्हाताऱ्यानंच उघडलं. नाव शेमस. "या, या," म्हणाला आणि घाईघाईनं स्वयंपाकघरात परत गेला, कारण तिथे फोन चालू होता. शेजारच्या खुर्चीत पाठराबे ब्लँकेट गुंडाळून बसले होते. मांडीवर वही आणि एका ओळीवर बोट.

"नाही रे, इंजिनाला एकच टर्बो!" शेमस फोनमध्ये ओरडला. "दोन टर्बो ही उडती बातमी आहे!"

पलीकडून कोणीतरी तितक्याच जोरात भांडत होतं. म्हातारा लालबुंद झाला होता, पण खुशीत होता. पाठराब्यांनी खोकत वहीतली पुढची ओळ दाखवली.

मी बाजूला बसलो. "कोण आहे?"

"यांचा मुलगा, डेक्लन," पाठराबे हळू आवाजात म्हणाले. "टेक्ससमध्ये असेच ट्रक दुरुस्त करतो. आईच्या अंत्यविधीला वेळेवर पोचला नाही, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आटलं. मी राहायला आलो तेव्हा दर रविवारी फोन यायचा. पाऊस आहे का, आहे. बरा आहेस ना, बरा आहे. संपलं. मग हे संध्याकाळपर्यंत फोनपाशीच बसून राहायचे. मले बघवेना. मग मी पाहिलं, पोराला कशात रस आहे."

"आणि आता?"

"आता तासभर भांडतात."

शेवटी शेमसनं फोन त्यांच्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

पाठराबे उठून खिडकीशी गेले. इंग्रजीत, अगदी हळू बोलायला लागले. "हो, जेवतात... नाही, परत पडले नाहीत. गोळ्या मीच काढून ठेवतो... डेक्लन, ‘येतोस का’ असं ते विचारतील? त्यांना नाही विचारता येत. तूच ये ना." मग बराच वेळ ते नुसते ऐकत उभे राहिले. फोन ठेवला, नाक पुसलं.

"काय म्हणाला?" शेमसनं विचारलं.

पाठराब्यांनी वही उचलून मिटली.

"तुमचंच बरोबर आहे म्हणाला. टर्बो एकच."

"मग! मी काय सांगत होतो!" म्हातारा टेबलावर हात आपटून म्हणाला, आणि गुणगुणत खिचडीसाठी तीन ताटल्या काढायला लागला.